पाडव्याच्या राहुट्या आणि फडाचा कारभार



जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव द्राक्षांसाठी आणि टोमॅटोच्या बाजारासाठी सगळ्यांना ठाऊक आहे. पण गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे आणखी एक बाजार भरतो, तो तमाशाच्या सुपाऱ्यांचा. पुणे-नाशिक रस्त्यालगत ओळीनं राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर एकेका लोकनाट्य तमाशा मंडळाचा फलक, आत फडाचा मॅनेजर आणि त्याच्यासमोर तारखांची वही. पुणे, नगर, नाशिक भागातल्या यात्रा कमिट्यांची मंडळी येतात, चार राहुट्या फिरतात, भाव काढतात आणि आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेसाठी फड ठरवून जातात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडानं आणि पुढे तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांनी ज्या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं, त्याला लोक तमाशाची पंढरी म्हणतात ते उगीच नाही.

आज मी या बाजाराकडे कलेच्या नव्हे, कारभाराच्या बाजूनं पाहणार आहे. बाजार अस्थिर झाला की सेवा देणाऱ्या संस्थांनी आपली बांधणी कशी बदलावी, याची चर्चा मोठ्या कंपन्यांत सतत चालते. मोजकी माणसं कायम ठेवा, बाकीची कामापुरती जोडा, गिऱ्हाइकाच्या दारात जा, उत्पन्नाच्या वाटा एकाहून जास्त ठेवा, असं तिथे सांगितलं जातं. फडानं हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या केलेलं आहे.

फडाचं वर्ष पाहा. पावसाळ्यात फड बांधला जातो. नाचकाम करणाऱ्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, वगातले नट, वाद्यवाले, तंबू ठोकणारे, गाड्यांचे ड्रायव्हर, स्वयंपाकी. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात आणि त्यांचा मेळ दरवर्षी नव्यानं जमवावा लागतो. दसऱ्याला फड बाहेर पडतो. तेव्हापासून तंबूचे खेळ चालतात. गावाबाहेर कनात लावायची, तिकीट विकायचं, दुसऱ्या दिवशी पुढचं गाव गाठायचं. इथे गर्दी झाली तर फडाची, न झाली तर नुकसानही फडाचंच. पाडव्यानंतर यात्रांचा हंगाम लागतो आणि सुपारीचे खेळ सुरू होतात. आता रक्कम आधी ठरलेली असते, तिकीट नसतं, गाव पैसे देतं. रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी हजेरीचा खेळ. हिवाळ्यातल्या तंबूवर फड चालवायचा आणि चैत्र-वैशाखातल्या सुपाऱ्यांवर कर्ज फेडायचं, असं हे गणित आहे.

सेवेच्या धंद्यातली मुख्य अडचण इथे लख्ख दिसते. टोमॅटोचा भाव पडला तरी एखादा दिवस थांबता येतं. कालाष्टमीची रात्र रिकामी गेली तर ती नवमीला विकता येत नाही. त्या एका तिथीला कितीतरी गावांच्या यात्रा असतात, म्हणून तिचा भाव चढा. मधल्या तारखांना तोच फड कमी पैशांत मिळतो. तारखेप्रमाणे भाव बदलण्याची ही रीत विमान कंपन्यांकडून शिकायची गरज या माणसांना कधी पडली नाही.

मग एवढी लवचीक बांधणी असूनही फड का मोडतात? माझ्या मते कारण एकच आहे. फडात सगळं वाटलेलं आहे, जोखीम मात्र वाटलेली नाही. फडमालक सावकाराकडून कर्ज काढतो. त्यातून कलावंतांना पावसाळ्यात उचल देतो. कलावंत ती उचल हंगामभर राबून फेडतात. मालक सावकाराला बांधलेला, कलावंत मालकाला बांधलेला. हंगाम बुडाला की दोघेही बुडतात.

आणि हंगाम बुडण्याची कारणं वाढत चालली आहेत. २०१६ मध्ये दसऱ्याला फड बाहेर पडले आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली. तंबूच्या खिडकीवरचा व्यवहार तर सगळा रोखीचा. २०२० मध्ये गुढीपाडवा होता २५ मार्चला, देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवस. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ एप्रिलच्या रात्री राज्यात कडक निर्बंध लागू झाले. पाठोपाठ दोन चैत्र कोरडे गेले. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी, ऐन यात्रांत येणारी निवडणुकीची आचारसंहिता, अवकाळी पाऊस, डीजे आणि ऑर्केस्ट्रा. अशा धंद्यात मोठं नावही तारत नाही. विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पदकं मिळाली, तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. कर्तृत्व कमी पडलं म्हणून नव्हे. पडत्या काळात आधार देणारी व्यवस्थाच त्यांच्या धंद्यात नव्हती.

ती व्यवस्था कशी असते हे जुन्नर आणि आंबेगावला नव्यानं शिकवायला नको. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि दत्तात्रयनगरचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने इथेच उभे आहेत. ऊस ज्याचा त्याचा, शेत ज्याचं त्याचं, पण गाळप एकत्र. फडांनाही हे जमण्यासारखं आहे. प्रत्येक फडाचं नाव, वग आणि कलावंत त्याचेच राहोत. जनरेटर, गाड्या, रंगमंचाचं सामान मात्र सामाईक संस्थेचं असावं आणि ते भाड्यानं मिळावं. उसाच्या बिलातून टनामागे ठेव कापली जाते, तशी प्रत्येक सुपारीतून ठरावीक रक्कम एका निधीत जावी. पावसाळ्यातली उचल या निधीतून किंवा पतसंस्थेतून रास्त व्याजानं मिळावी आणि कलावंतांच्या आजारपणाचा खर्चही त्यातून भागावा. शासनाचं अनुदान मिळालं तर त्याची भर पडेल, पण पाया स्वतःचा हवा.

कुणी म्हणेल, फडाफडांत एवढी चुरस, ते एकत्र कसे येतील? पण ते आलेलेच आहेत. एकमेकांचे प्रतिस्पर्धी दरवर्षी एका ओळीत राहुट्या टाकतात, कारण बाजार एका जागी भरला तर गिऱ्हाईक सगळ्यांकडेच येतं, हे त्यांना कळलेलं आहे. विकताना जे साधलं, ते संकटातही साधलं पाहिजे.

यात गावांचाही वाटा आहे. यात्रा कमिटीच्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या पाडव्याला नारायणगावला जाल तेव्हा भावाची घासाघीस जरूर करा. पण करार लेखी करा आणि त्यात एक कलम घाला: पावसानं किंवा सरकारी आदेशानं खेळ रद्द झाला, तर गाव ठरलेल्या रकमेचा अमुक हिस्सा फडाला देईल, आणि त्यातला निम्मा थेट कलावंतांच्या हाती जाईल. यात्रेच्या वर्गणीत हा बोजा घरटी फार थोडा पडेल. शंभर माणसांच्या फडाला मात्र त्यावर पुढच्या दसऱ्याला पुन्हा उभं राहता येईल.