बाळंतिणीचा अंगठा

भगिनींनो, बाळंतिणीचा अंगठा ठणकू लागला, की आपण ‘वात’ म्हणून तेल चोळतो. मीही सूनबाईचा चोळला, सूज वाढली!

अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हलकेच वाकवावे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात कळ आली, तर तेथील दोन कंडरा जाड झालेल्या आवरणात अडकत असाव्यात. स्विस शल्यवैद्य द केर्व्हँ यांनी १८९५ साली हे दुखणे वर्णिले. बाळाला बगलेत धरून, अंगठे ताणून उचलू नये. तळहात खाली घालून उचलावे. अंगठ्यासह मनगट आधारपट्टीने काही आठवडे स्थिर ठेवावे. उतार न पडल्यास डॉक्टर स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. शस्त्रक्रिया क्वचितच लागते. अंगावर पाजत असल्यास तेही त्यांना सांगावे.

आणि धुण्याचे पिळे? आमच्याकडे ते काम आता चिरंजीवांकडे आहे.