हजेरीच्या वहीतली माणसं



आजच्या विषयासाठी मला आपल्या सोलापूरची वेस ओलांडावी लागत नाही. ‘सेटलमेंटला चल’ म्हटलं की आपल्याकडचा कोणताही रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता शाळेच्या अर्जावर, लाइटच्या बिलावर, लग्नपत्रिकेवर रोज छापला जातो. त्या वस्तीतल्या आणि तिच्यासारख्या शेकडो पालांवरच्या मुलांसाठी, त्यांच्या घरांसाठी उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल आज बोलायचं आहे.

या वस्तीचं मूळ गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. तो कायदा 1871 चा. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, 1911 च्या कायद्यानं आपल्या मुंबई इलाख्यातही आला, आणि 1924 मध्ये त्याची फेरमांडणी झाली. जमातीचं नाव एकदा राजपत्रात छापलं की तीत जन्मणारं प्रत्येक पोर पोलिसांच्या लेखी संशयित. बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, पासाशिवाय हद्द सोडायची नाही. सोलापुरात कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा जमातींना तारेच्या कुंपणात आणून बसवलं, तीच ही ‘सेटलमेंट’. गिरण्यांना मजूर हवे होते, ते इथून मिळाले. दिवसभर गिरणीत राबायचं आणि परत आल्यावर कुंपणात नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं.

या कायद्यातली एक तरतूद मला सगळ्यात क्रूर वाटते. मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. मुलानं काही केलेलं असण्याची गरज नव्हती. आईच्या कुशीत राहिलं तर ते बिघडेल, हे सरकारनं आधीच ठरवून टाकलं होतं. कुटुंब हाच गुन्ह्याचा अड्डा, अशी ही समजूत. कायदा गेला तरी ती लोकांच्या डोक्यातून गेली नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पालाकडे वळते, आणि शाळेत कुणाचा कंपास हरवला की आधी कुणाचं दप्तर उपडं होतं, ते इथल्या शिक्षकांना ठाऊक आहे.

मुंबई प्रांतानं हा कायदा 1949 मध्ये रद्द केला, देशभरात तो 31 ऑगस्ट 1952 ला संपला. तो दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात, आणि या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन कुंपणाची तार तोडल्याची आठवण वस्तीत अजून सांगितली जाते. पण 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांसाठीचा कायदा आला आणि जुनी नजर नव्या कागदावर कायम राहिली.

या नजरेशी भांडायला जी माणसं उभी राहिली, त्यांतली बहुतेक पालावरच वाढलेली. बाळकृष्ण रेणके गोंधळी समाजातले. सोलापूरच्या भागात संघटना बांधता बांधता ते विमुक्त-भटक्यांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष झाले आणि 2008 मध्ये त्या आयोगाचा अहवाल सरकारला सादर झाला. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 चं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ 1987 चं. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिलं आणि ते डॉक्टर झाले. या पुस्तकांची चर्चा साहित्य म्हणून खूप झाली. मला त्यांचं मोल आणखी एका कारणानं वाटतं: पोलीस डायरीत ज्यांची फक्त नावं होती, त्यांनी स्वतःच्या आईबापांविषयी स्वतः साक्ष दिली.

1998 साल आठवा. फेब्रुवारीत बंगालात विमुक्त जमातीतला बुधन सबर पोलीस कोठडीत मेला. जूनमध्ये आपल्या बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी तरुण पोलिसांच्या मारहाणीत गेला. त्याच वर्षी लेखिका महाश्वेता देवी, भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी कृती गट काढला. विमुक्ताचा कोठडीतला मृत्यू तोवर स्थानिक बातमी असे. या मंडळींनी त्याला देशाचा प्रश्न केला.

जन्मावरून संशयित ठरणाऱ्यांची गोष्ट निघाली की अमेरिकेतल्या काळ्यांची आठवण येणं साहजिक आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती तिथल्या काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. 1972 ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती तिथल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेचं नाव घेऊन. ऑकलंडच्या त्या पँथरांची काळी टोपी आणि बंदूक आपल्या लक्षात राहिली. 1969 पासून ते काळ्या वस्तीतल्या पोरांना शाळेआधी सकाळी फुकट न्याहारी देत, हे फारसं कुणी सांगत नाही. उपाशी पोर वर्गात काय शिकणार, इतका साधा विचार. त्वचेचा रंग असो की जमातीचं नाव, संशय लागतो तो पाळण्यातच, आणि म्हणून काम पोरांच्या ताटापासून सुरू करावं लागतं. तुळजापूरजवळच्या यमगरवाडीत गिरीश प्रभुणे आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पारध्यांच्या मुलांसाठी काम उभारलं, तेही निवास आणि जेवणापासून. त्यांच्या विचारधारेशी कुणाचे मतभेद असतील. पोरं तिथं जेवली आणि शिकली, हे मात्र मान्य करायला हवं.

आता कागदाविषयी बोलतो, कारण आजची खरी लढाई तिथं आहे. विमुक्त जातीचा दाखला हवा तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. दहावी झालेली मुलगी तहसीलच्या खिडकीपाशी उभी आहे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा, म्हणतात. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. सातबारा? जमीन कधी नव्हतीच. जन्मनोंद? पालावर जन्मलेल्याची कुणी केली असती? नियमात गृहचौकशीची सोय आहे, पण त्यासाठी कुणालातरी खेटे घालावे लागतात, अर्ज लिहावे लागतात, साहेबाला नियम दाखवावा लागतो. सभेच्या फोटोत न दिसणारे कार्यकर्ते हे करतात. पुढारी म्हणावं ते यांना. त्यात जातीच्या यादीचा गोंधळ वेगळाच: विदर्भातला कैकाडी अनुसूचित जातीत आणि सोलापूरचा कैकाडी विमुक्त जातीत, राज्य एकच असताना. हे क्षेत्रबंधन उठवा, ही मागणी कित्येक वर्षांची आहे आणि ती रास्त आहे.

विमुक्तांसाठी लढणाऱ्यांना घरात, स्वतःच्या समाजातही भांडावं लागलं. जातपंचायतीचा दंड, वाळीत टाकणं, कंजारभाट समाजात नव्या नवरीची ‘कौमार्य चाचणी’. 2017-18 च्या सुमारास त्याच समाजातल्या तरुण मुलामुलींनी तिच्याविरुद्ध जाहीर आवाज उठवला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा नुकताच आला होता, त्याचा आधार होता. पण बोलण्याची जोखीम त्या पोरांनीच घेतली. ‘समाजाची बदनामी होते’ असं त्यांना ऐकवलं गेलं. बाहेरच्या संशयाशी लढणाऱ्या समाजात आतला अन्याय झाकण्याचा मोह मोठा असतो. त्याला बळी न पडणारा पुढारीच मुलीबाळींच्या बाजूचा असतो, असं माझं मत आहे.

शेवटी एक मागणी या व्यासपीठावरून करतो. रोज हजेरी घेणाऱ्या सरकारनं नोंदी ठेवल्या होत्या: नावं, बापाची नावं, जमात, अंगठे. दप्तरखान्यांत, पोलिसांच्या जुन्या रेकॉर्डात त्यांतलं जे काही उरलं असेल ते शोधून काढावं, त्याची यादी करावी आणि जातीच्या दाखल्यासाठी वास्तव्याचा पुरावा म्हणून ते ग्राह्य धरावं. आपल्या शहरात वकील आहेत, इतिहासाचे प्राध्यापक आहेत, विद्यापीठ आहे. कॉलेजातली वीस पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत या कामाला लागली, तर जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभं राहणाऱ्यांच्या ते कामी येईल. ज्यांना यात यायचं असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मंचाजवळ थांबावं. वस्तीतले दोन कार्यकर्ते आज सभेला आले आहेत, ते नावं लिहून घेतील.