नव्वद योजनांचा हिशेब



समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक आपल्या या शिराळ्यात उभा आहे. त्याच्यापुढं बलाची गोष्ट काढायची नाही, तर कुठं काढायची? पण आज मी मारुतीच्या उडीची गोष्ट सांगणार नाही. आज सांगतो जांबवंताची.

मागं एक आजोबा भेटले. जन्मभराचे वारकरी; दोन वर्षं वारी बंद. विचारलं, "का हो, गुडघे धरले काय?" म्हणाले, "गुडघं धड हाईत म्हाराज. पर भ्या वाटतंय. वाटंत पडलो, तर दिंडीला माझं वझं." बघा, पाय थांबले नव्हते. आधी मन थांबलं होतं.

आता जांबवंत काय म्हणाला ते ऐका. समुद्राच्या काठावर सगळे वानर बसलेत. लंका शंभर योजनं. कोण किती उडी मारणार, याचा हिशेब चाललाय. वाल्मीकींच्या रामायणात म्हातारा जांबवंत सांगतो, तरुणपणी माझा पराक्रम वेगळा होता, आता मी नव्वद योजनं जाईन. शंभर लागतात, दहा कमी पडतात! पण तो खोटं बोलला नाही आणि "आता माझं काय राहिलंय" असंही म्हणाला नाही. स्वतःचा नेमका आकडा त्याला ठाऊक होता. आणि माऊली, तो घरी बसून राहिला असता, तर मारुतीला त्याच्या बळाची आठवण करून द्यायला त्या काठावर कोण होतं?

तुम्हाला तुमचा आकडा ठाऊक आहे का? न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं? एका पायावर किती वेळ उभं राहता येतं? वय वाढलं की मांडीचं मांस झिजतं, तोल जातो. पडण्याच्या भीतीनं माणूस बसतो, बसल्यानं पाय आणखी झिजतात आणि मग तो खरंच पडतो. भीतीच भीतीला खरं करते! जागतिक आरोग्य संघटना सांगते, पासष्टीपुढच्या माणसानंही आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करावा आणि ३ दिवस तोल व ताकद वाढवणारा.

"आता या वयात नवीन काय शिकायचं?" अहो, आपल्या शेजारच्या पेठचे मुरलीकांत पेटकर बघा. सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं. मूठ मारायचा खेळ गेला, म्हणून पाण्यात उतरले. आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक! एक दार बंद झालं, तर त्यांनी पाण्यातून वाट काढली. आणि बारामतीच्या लताबाई करे? साठी ओलांडलेली माऊली. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत, म्हणून २०१४ साली नऊवारी लुगड्यात, अनवाणी शर्यत धावली आणि जिंकली. तिला पदकाची हौस नव्हती. तिचं धावणं हीच सेवा होती.

मग तुम्ही काय शिकाल? पावली शिका! आजवर टाळ धरून कडेला उभे राहिलात ना? पावलीत काय असतं? अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर, तालात. तोल सावरायची तालीमच ती, आणि मुखात नाम. पहिल्या दिवशी भिंतीजवळ, नातवाचा हात धरून. पाऊल चुकलं तर नातू हसेल. हसू द्या! बीपी, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबा. हट्ट म्हणजे भक्ती नव्हे.

देहाचा अभिमान नको, हे संत सांगतात. पण देहाची हेळसांड करा, असं कुणी सांगितलंय? वीणा देवाची म्हणून आपण तिला जपतो, तारा लावतो. हा देहही त्याचाच.

त्या आजोबांना मी एवढंच म्हणालो, आळंदी ते पंढरी अडीचशे किलोमीटर आज मोजू नका. आज देवळापर्यंत या. उद्या देवळाला एक फेरी. तुमची नव्वद नसतील, नऊ असतील. पण ती घेऊन काठावर या. उरलेली दहा कुणाकडून भरून घ्यायची, ते पांडुरंग बघेल.

बोला, पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!