ओट्याखालची जमीन

(देवळाली प्रवरा येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्यापैकी किती जणींच्या घरी पिठाच्या डब्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली आहे? आणि किती जणींकडे सांडलेलं पाणी मोरीकडे न जाता ओट्याच्या कोपऱ्यात साचतं? हात बरेच वर झाले. म्हणून आज स्वयंपाकघराच्या जमिनीबद्दलच बोलू.

गेल्या वर्षी आमच्याकडे सल्ल्यासाठी एक बाई आली होती. दबलेल्या फरशीत पाय अडकून ती गरम वरणाच्या पातेल्यासकट पडली. हात भाजला. घरातले म्हणाले, "धांदरटच आहे." ती स्वतःही तसंच म्हणत होती. दुसरी एक अंगावरचे काळेनिळे वळ दाखवून सांगायची, "फरशीवरून घसरले." तिला प्रत्यक्षात नवऱ्याने मारलं होतं. म्हणजे फरशीचा दोष बाईच्या माथी, आणि नवऱ्याचा दोष फरशीच्या! आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी म्हणूनच दोन्ही विचारलं पाहिजे: पडलीस कशी, आणि ती जागा दाखवशील का?

आता ही जमीन वाकडी होते कशाने? आपला हा भाग काळ्या मातीचा. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांनी शेती भिजली. पण जी काळी माती उसाला मानवते, ती घराला मानवत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, भेगाळते. त्यावर नीट न चोपलेली भर, वर मोरीचा गळका पाईप. मग फरशी एकीकडे उचलते, दुसरीकडे दबते. गवंडी म्हणतो, "आहे त्याच्यावरच नव्या टाईल्स मारून टाकू, दोन दिवसांचं काम." ऐकू नका. नवी टाईल खालच्या पोकळीबरोबर पुन्हा हलणारच. शिवाय जमीन वर येते, दार घासतं, उंबऱ्याशी नवी ठेच तयार होते.

आधी फरशी नाण्याने किंवा काठीने ठोकून पाहा. भद्द आवाज आला तर खाली पोकळ. पाईपची गळती आधी काढा. मग दबलेला भाग उकरायला लावा. काळी माती जितकी काढता येईल तितकी काढून तिथे मुरूम भरायचा, तोही सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून. एकदम फूटभर भर टाकून वरवर चोपली तर ती पुढच्या पावसाळ्यात बसते. त्यावर चारेक इंच काँक्रीट, आणि मग फरशी. खालचा कोबा घट्ट असेल, नुसता वरखाली असेल, तर मात्र एवढं खोदायची गरज नाही. उंचवटा घासून, खड्डा भरून भागतं.

सपाटी बघायला पाण्याची पारदर्शक नळी पुरते. आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत येतं. त्यावरून चारी भिंतींवर खुणा करायच्या आणि तिथून खाली मोजायचं. पण अगदी सपाटही नको बरं का! मोरीकडे दर दहा फुटांना सव्वा इंचाचा उतार हवा. तो किती आणि कुठल्या बाजूला, हे भांडी घासणारीला जेवढं कळतं तेवढं गवंड्याला कळत नाही.

आणि हे काही आपल्याला नवं नाही. मातीच्या घरांत जमीन कोण करत होतं? आपल्या आज्या. माती कालवणं, चोपण्याने चोपणं, शेणाने सारवणं, सगळं त्यांच्या हातचं. खड्डा पडला तर त्याच बुजवायच्या, कोणाची परवानगी लागत नव्हती. शहाबादी आली, टाईल्स आल्या, सोय झाली यात शंका नाही. पण ते काम गवंड्याकडे आणि पैशाचा निर्णय पुरुषाकडे गेला. बाईला विचारतात ते एवढंच, "रंग कोणता?" तेही बैठकीच्या खोलीची फरशी झाल्यावर पैसे उरले तर!

2015 साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करण्याची अट आली. चांगलंच झालं. पण कागदावर नाव असलेल्या बाईशी गवंडी बोलतो का? तो बोलतो तिच्या नवऱ्याशी, आणि ती चहा करून देते. पुढच्या वेळी चहा नवऱ्याला करू द्या. नळीचं एक टोक तुम्ही धरा.

फरशी बसवण्याआधी, काँक्रीट वाळल्यावर, त्यावर एक बादली पाणी ओतायला सांगा. ते कुठे जातं ते उभं राहून बघा. मोरीत गेलं नाही तर तिथेच थांबवा, कारण टाईल लागल्यावर कोणी फोडत नाही. आणि मजुरीचा शेवटचा हप्ता, फरशी बसवून झाल्यावर दुसरी बादली ओतून बघितल्याशिवाय द्यायचा नाही, हे काम ठरवतानाच बोलून घ्या.