शब्दांचा वार आणि मनाचें चिलखत

तलवारीचा घाव अडविण्यास ढाल असते. गोड शब्दाचा घाव कशानें अडवावा? प्रश्न नीतिशास्त्राचा वाटतो खरा. परंतु गेल्या अर्धशतकांत एका खेळाच्या नियमकर्त्यांना तो अक्षरशः आकडे मांडून सोडवावा लागला आहे.

हा खेळ म्हणजे पात्राभिनयाचा खेळ. चार-सहा मंडळी टेबलाभोंवतीं बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात; कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. रंगभूमि नाहीं, वेष नाहीं. जें घडतें तें सारें बोलण्यांत. पात्राचे गुण कागदावर आकड्यांनीं लिहिलेले असतात, आणि जेथें यशापयश अनिश्चित तेथें फासे टाकून निकाल लावतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या दोघां अमेरिकनांनीं १९७४ सालीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें हा खेळ प्रसिद्ध केला. तो मूळचा युद्धखेळांतून निघालेला. त्यामुळें चिलखताचे व शस्त्रांचे नियम भरपूर, बोलण्याचे मात्र ओंजळभर. पात्राच्या अंगीं किती मोहिनी आहे हें सांगणारा एक गुण होता, आणि समोर आलेला प्राणी मैत्री करील कीं अंगावर धावेल हें दोन फाशांवरून ठरत असे. बाकी सर्व भार खेळाडूच्या जिभेवर.

यांत एक अन्याय होता. ज्या गृहस्थाला घरीं धड नारळ फोडतां येत नाहीं, त्याचें पात्र खेळांत राक्षसाचें डोकें फोडूं शकतें. मग मितभाषी माणसानें राजदूताची भूमिका घेतली तर त्याचीच फजिती कां व्हावी? म्हणून बोलण्यालाही कौशल्याचे आकडे आले. २००३ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत ऐकणाऱ्याच्या वृत्तीच्या पांच पायऱ्या केलेल्या आहेत: वैरी, नाखूष, उदासीन, मित्र आणि साहाय्यकर्ता. वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यांत पात्राचें मुत्सद्देगिरीचें कौशल्य मिळवावयाचें. बेरीज २५ झाली कीं वैरी उदासीन होतो, ३५ झाली कीं मित्र, आणि ५० झाली कीं तो आपल्यासाठीं धोका पत्करावयास तयार! यास वेळ लागतो सुमारें एक मिनिट.

मेख येथेंच आहे. हे आकडे ऐकणाऱ्यावर मुळींच अवलंबून नाहींत. किल्ल्याचा दरवान असो कीं चाळीस वर्षें राज्य केलेला सम्राट असो, बेरीज तीच. मौज अशी कीं, त्याच पुस्तकांत खोटें बोलणाऱ्याविरुद्ध ऐकणाराही हेतु ओळखण्याच्या कौशल्यानें फासा टाकतो, आणि धमकी देणाऱ्याविरुद्धही टाकतो. म्हणजे लबाडापासून बचाव आहे, दांडगटापासून आहे, फक्त सभ्य माणसापासून नाहीं!

शिवाय हा नियम सूत्रधाराच्या पात्रांनाच लागू. खेळाडूंच्या पात्रांना त्यांतून पूर्ण सूट. ही सूट अगदींच निराधार नाहीं. सूत्रधाराच्या हातीं सारें जग असतें. खेळाडूच्या हातीं एकच वस्तु, आपल्या पात्राचा निर्णय. तलवारीनें पात्र मेलें तरी तें त्याचें म्हणूनच मरतें; परंतु फाशानें ‘तूं आतां या सावकारावर विश्वास ठेवतोस’ असें ठरविलें, तर पात्र जिवंत असूनही त्याचें राहत नाहीं. उलट पक्षीं, सूट पूर्ण असली कीं प्रत्येक वीर दगडाचा होतो. ज्याला मोह होऊंच शकत नाहीं, त्याच्या संयमाला किंमत ती कसली?

ग्रेग स्टॅफर्ड यांनीं १९८५ सालीं ‘पेन्ड्रॅगन’ या खेळांत याचें धीट उत्तर दिलें. राजा आर्थरच्या सरदारांचा हा खेळ. प्रत्येक सरदाराच्या स्वभावाच्या तेरा जोड्या मांडलेल्या: दया व क्रौर्य, विश्वास व संशय, अशा. जोडीची बेरीज नेहमीं २०. दया १४ असली तर क्रौर्य ६. कसोटीच्या प्रसंगीं फाशाचा आकडा गुणाच्या आंत पडला तर पात्र त्या गुणाप्रमाणें वागतें. न पडला तर उलट गुणाची परीक्षा. दोन्ही फसल्यास खेळाडूची मर्जी. येथें महाभारताची आठवण होणें साहजिक आहे. द्यूताचें आव्हान नाकारावयाचें नाहीं हें युधिष्ठिराचें व्रत शकुनीला ठाऊक होतें. त्या सभेंत धर्मराजाच्या वतीनें एखादा खेळाडू बसला असता, तर त्यालाही असेंच हताशपणें पाहत राहावें लागलें असतें.

सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना ‘एग्झॉल्टेड’ या खेळाच्या २०१६ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत आढळते. तेथें प्रत्येक पात्राला निर्धाराचा एक आकडा असतो आणि जिव्हाळ्याच्या विषयांची यादी असते: किरकोळ, मोठे आणि जीवनाला आकार देणारे. मागणी जिव्हाळ्याच्या विरुद्ध गेली तर निर्धार अनुक्रमें २, ३ किंवा ४ नीं वाढतो. अनुकूल असली तर १, २ किंवा ३ नीं घटतो. समजा, तोच दरवान आहे. धन्याची निष्ठा हा त्याचा मोठा जिव्हाळा. त्याला दार उघडावयास नुसतें आर्जव करून भागणार नाहीं. त्याची मुलगी गांवांत आजारी आहे हें आधीं शोधून काढावें लागेल, वैद्य आणण्याचा शब्द द्यावा लागेल. शिवाय तो शब्दांत हरला, तरी आड येणारा दुसरा पुरेसा मोठा जिव्हाळा असेल तर मनोबलाचा एक गुण खर्चून ‘नाहीं’ म्हणूं शकतो. मन वळतें तें मनाच्या आंतील वस्तूच्या आधारानेंच, ही गोष्ट या नियमकर्त्यांनीं बरोबर ओळखली. हिशेब मात्र किचकट. शिकाऊ सूत्रधार त्यांत गोंधळतो.

‘बर्निंग व्हील’ या खेळांत वादविवादाचें रीतसर द्वंद्व आहे. दोन्ही पक्ष आपले तीन तीन डाव गुप्तपणें लिहून ठेवतात. जिंकणाराही घायाळ झाला असेल तर त्याला कांहीं सवलत द्यावी लागते. हरणाऱ्यानें ठरल्याप्रमाणें वागावयाचें. पटलें पाहिजे असें बंधन नाहीं. व्हिन्सेन्ट बेकर यांनीं २०१० सालच्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’मध्यें आणखी सोपी युक्ति केली: दुसऱ्या खेळाडूचें म्हणणें मानणाऱ्याला अनुभवाची बक्षिशी मिळते. आमिष दाखवावें, निर्णय ज्याचा त्याच्याकडे ठेवावा. टेबलावरचा सलोखा टिकविण्यास हीच रीत अधिक उपयोगी, यांत संशय नाहीं.

एक गोष्ट मात्र ‘एग्झॉल्टेड’च्या कर्त्यांनीं फाशांच्या कक्षेबाहेरच ठेविली आहे. खेळाडूच्या पात्राला शृंगाराच्या मोहांत ओढावयाचें असेल, तर आधीं खेळाडूची संमति पाहिजे. त्यास त्यांनीं ‘लाल नियम’ असें नांव दिलें आहे. तेथें निर्धाराचा आकडा पाहावयाचा नाहीं, मनोबलही खर्चावयाचें नाहीं. खेळाडूनें ‘नको’ म्हणावें, आणि सूत्रधारानें पुढचा प्रसंग सुरू करावा.