४०४ दिसला? आधी पत्ता नीट वाचा

आजचा विषय जावामध्ये प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. टॉमकॅट सुरू झाला, ब्राउझर उघडला, आणि समोर काय तर ४०४! उद्या डेमो आहे. मग घाबरून कुणी टॉमकॅट काढून पुन्हा टाकतं, कुणी अख्खं एक्लिप्स. रात्र जाते, ४०४ तिथेच.

माझं म्हणणं असं आहे की ४०४ ही अर्धी चांगली बातमी आहे. सर्व्हर बंद असता तर ब्राउझर म्हणाला असता, कनेक्शनच होत नाहीये. ४०४ म्हणजे सर्व्हर जागा आहे, तुमची विनंती त्याला मिळाली, आणि तो सांगतोय, "या पत्त्यावर माझ्याकडे काही नाही." सोसायटीच्या गेटवर पोचलात, वॉचमनही भेटला, फक्त त्या नावाचा फ्लॅट त्याच्या यादीत नाही. मग गेट पाडून नवीन बांधण्यात काय अर्थ?

म्हणून पत्ता तुकड्या-तुकड्याने वाचूया. समजा तो असा आहे: लोकलहोस्ट, कोलन, ८०८०, स्लॅश लायब्ररी, स्लॅश लॉगिन.

८०८० हा पोर्ट. टॉमकॅटचा नेहमीचा, पण जेनकिन्ससारखे इतर प्रोग्रॅमही तोच घेतात. एररच्या पानावर खाली टॉमकॅटचं नाव आणि आवृत्ती असते. उत्तर देणारा सर्व्हर तुमचाच आहे ना, ते तिथे बघा.

पुढचा तुकडा 'लायब्ररी', म्हणजे कॉन्टेक्स्ट पाथ. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. वेबअॅप्स फोल्डरमध्ये टाकलेल्या वॉर फाइलचं जे नाव, तोच पाथ, आणि त्यात कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक पडतो. एक्लिप्समध्ये प्रोजेक्टचं नाव बदललं तरी कॉन्टेक्स्ट रूट जुनाच राहू शकतो. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तपासा. आणि एक्लिप्समधून टॉमकॅट चालवून नुसतं लोकलहोस्ट ८०८० उघडलं, तर बहुतेक वेळा ४०४च येतो. कारण एक्लिप्स स्वतःचं वेगळं फोल्डर वापरतं, त्यात टॉमकॅटचं स्वागताचं पान नसतं. तो बिघाड नाही!

शेवटचा तुकडा 'लॉगिन', म्हणजे सर्व्हलेटचं मॅपिंग. इथे दोन गोष्टी बघा. फॉर्मच्या अॅक्शनमध्ये 'स्लॅश लॉगिन' लिहिलं की ब्राउझर सरळ सर्व्हरच्या मुळाशी जातो, मधलं 'लायब्ररी' गळून पडतं. दुसरं, वेब-इन्फ फोल्डरमधलं पान ब्राउझरमधून थेट उघडत नाही, तिथे ४०४ येणारच. ते सर्व्हलेटमधून फॉरवर्ड करावं लागतं.

पत्ता बरोबर, तरी ४०४? मग टॉमकॅटची आवृत्ती बघा. टॉमकॅट ९ पर्यंत सर्व्हलेटचं पॅकेज 'जावाएक्स' होतं, १० पासून ते 'जकार्ता' झालं. जुन्या व्हिडिओतला कोड नव्या टॉमकॅटवर टाकला, तर त्याला तुमचा सर्व्हलेट ओळखताच येत नाही. एक तर इम्पोर्ट बदला, नाहीतर टॉमकॅट ९ वापरा.

स्प्रिंग बूटवाल्यांनो, तुमच्याकडे कॉन्टेक्स्ट पाथ मुळात रिकामा असतो, म्हणून प्रोजेक्टचं नाव पत्त्यात घालू नका. आणि कंट्रोलर मेन क्लासच्याच पॅकेजमध्ये किंवा त्याच्या आतल्या पॅकेजमध्ये हवा. बाहेर ठेवला तर स्प्रिंग तो शोधतच नाही.

आता माझी आवडती युक्ती. साध्या सर्व्हलेट प्रोजेक्टमध्ये, वेब-इन्फच्या बाहेर, 'टेस्ट' नावाचं एका ओळीचं एचटीएमएल पान ठेवा आणि उघडा. उघडलं? मग पोर्ट आणि कॉन्टेक्स्ट ठीक आहेत, शोध सर्व्हलेटकडे वळवा. नाही उघडलं? मग सर्व्हलेटचा कोड चाळत बसू नका. कॉन्टेक्स्टचं नाव चुकलंय, नाहीतर अॅप चढलेलंच नाही. कधीकधी टॉमकॅट सुरू होतो, पण आतलं अॅप सुरू होताना कोसळतं, आणि ब्राउझरला दिसतो फक्त ४०४. खरं कारण लॉगमध्ये असतं. शेवटची ओळ नाही, पहिली एरर शोधा.

या क्रमाने गेलात तर डेमोला परीक्षकांनी "रिक्वेस्ट नक्की जाते कुठे?" विचारलं, तरी उत्तर तुमच्याकडे असेल. ग्रुपमध्ये कुणी अडकलं असेल तर हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात, तेव्हा बोलू ५०० वर!