तंटा मिटविण्याचे शिक्षण
(सिरसाळा येथील सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



या मंगल प्रसंगी मी माझ्या एका अपयशाची हकीकत सांगणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. काही वर्षांपूर्वी दोन सख्ख्या भावांतील बांधाचा वाद मिटविण्यासाठी मला बोलावणे आले. मी दोघांना समोर बसविले, वडीलकीच्या अधिकाराने निवाडा दिला. तासाभरात कागद झाला, पेढेही वाटले गेले. दोन वर्षांनी तोच वाद दिवाणी न्यायालयात उभा राहिला. धाकट्याने केवळ माझ्या शब्दाखातर सही केली होती. त्याचे दुखणे बांधाचे नव्हतेच. आईच्या आजारपणात त्याने सोसलेल्या खर्चाचा घरात कोणी उल्लेखही केला नाही, हे त्याचे शल्य होते. मी ते विचारलेच नव्हते.

प्रत्येकाच्या कथनात सत्याचा अंश असतो, हे अनेकान्ताचे तत्त्व मी बालपणापासून ऐकत आलो. परंतु दुखावलेल्या माणसाच्या तोंडून तो अंश बाहेर यावा कसा, यासाठी निराळा अभ्यास लागतो, हे मला उशिरा कळले.

आपल्या परळी तालुक्यात 'लवाद' हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. ऊसतोडीच्या दरांसाठी पवार-मुंडे लवादाकडे हजारो कुटुंबे डोळे लावून बसत. लवाद निर्णय देतो; मध्यस्थ निर्णय देत नाही, तो पक्षकारांना त्यांच्या स्वतःच्या निर्णयापर्यंत पोहोचवितो. मी मध्यस्थ म्हणून गेलो आणि लवाद होऊन बसलो.

शासनाने या कार्याचे महत्त्व ओळखले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे सुधारित कलम 89 1 जुलै 2002 पासून अमलात आले, तर 15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात तर गावातील वा कुटुंबांतील शांतता बिघडविणाऱ्या तंट्यांसाठी, उभय पक्षांच्या संमतीने, तीन मध्यस्थांचे मंडळ नेमण्याची तरतूद आहे. पण या मंडळावर बसणारी माणसे तयार कोण करणार?

न्यायालयीन मध्यस्थांसाठी 40 तासांचे प्रशिक्षण रूढ आहे. अधिक सखोल अभ्यासासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा गांधी व शांतता अध्ययन या विषयातील एम.ए. अभ्यासक्रम आहे, त्यात संघर्ष-व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय आहे. तो दूरशिक्षणाने, नोकरी सांभाळून पूर्ण करता येतो. शिक्षक, ग्रामसेवक, बँक कर्मचारी, वकील यांच्याकडे लोक तसेही आपली गाऱ्हाणी घेऊन येतातच. उचलीवरून मुकादम व मजूर यांच्यात बिनसते तेव्हाही प्रथम गावातल्याच जाणत्याचे दार ठोठावले जाते.

म्हणून विश्वस्तांना माझी विनंती आहे. आपण शालेय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो. यापुढे दरवर्षी एक शिष्यवृत्ती नोकरी करणाऱ्या प्रौढ पदवीधराला या अभ्यासासाठी द्यावी, त्यात जातिधर्माची अट असू नये. पहिल्या वर्षाचे शुल्क मी भरीन. त्या धाकट्या भावाचा मुलगा आता शिक्षक आहे. त्याच्याशी मी बोललो आहे. तो अर्ज करणार आहे.